अळणीबाबांच्या फाटकाची बेल

"…आणि बेल म्हणे आक्कांनी स्वतःच्या हातानं बंद केली होती. म्हणून तर म्हातारं बिनबोभाट…"

पमाबाईचं वाक्य तिथंच तुटलं. शेवंताकाकूंनी तिला कोपरानं ढोसलं होतं.

कनातीखालून ओतारी सरांच्या चपला दिसत होत्या.

दोघींनी माना खाली घातल्या. उद्या मठात भंडारा, त्याचा तांदूळ निवडायला त्या बसलेल्या. तांदूळ तसा स्वच्छ होता. पण दोघी अशा खडे शोधायला लागल्या, की बघणाऱ्याला वाटावं परातीत मोती सांडलेत.

चपला हलल्या नाहीत.

"बेल कुणी बंद केली म्हणालात?"

"कुठं काय, सर. तांदळाचं चाललंय आमचं."

"मी ऐकलं."

"ऐकलंत तर मग पुन्हा कशाला विचारता?" शेवंताकाकू म्हणाल्या. त्यांच्या जिभेला हाड नाही हे सगळ्या आळीला ठाऊक. पण बोलून झाल्यावर त्यांनाच वाईट वाटलं. आवाज खाली आला. "लोक बोलतात हो. आम्ही आपलं ऐकतो. खरंखोटं आक्कांना माहीत."

"आक्का आहेत?"

"मागं, धुनीपाशी. राख गाळतायत."

चपला गेल्या.

पमाबाई जरा वेळानं म्हणाली, "काकू, सरांचा चेहरा बघितलात का फटीतून? उजळला एवढासा."

काकूंनी परात पुढं ओढली. पण पमाबाईनं बघितलं ते बरोबर होतं.

अळणीबाबा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. तरुणपणी कधीतरी त्यांनी मीठ सोडलं, आणि गावानं नाव ठेवलं. मठ लहानसा. एक समाधी, एक धुनी, दोन खोल्या आणि पुढं लोखंडी फाटक.

त्या फाटकाला कडी नाही. मठाच्या मूळपुरुषानंच तसं सांगून ठेवलं होतं… येणाऱ्याला थांबवू नये, जाणाऱ्याला अडवू नये. तेव्हापासून कुणाची कडी बसवायची छाती झाली नाही.

जाणाऱ्याला अडवू नये. बोलायला सोपं.

गेली दोन वर्षं बाबांचं भान सुटत चाललं होतं. आधी माणसांची नावं गेली. मग आरती गेली. एके दिवशी जेवता जेवता म्हणाले, "आक्का, मीठ दे गं थोडं."

अंबूआक्का म्हणजे बाबांची गुरुबहीण. मठाचं सगळं त्याच बघायच्या. त्यांचा वाढता हात तसाच राहिला. सगळ्या जन्माचं व्रत, आणि बाबा ते विसरून गेले होते.

आक्कांनी मीठ वाढलं. बाबांनी बोट बुडवून चाखलं, आणि लहान पोरासारखे हसले.

मग त्यांना घर आठवायला लागलं.

"निघतो मी. आई जेवायची थांबलीय."

कुठली आई, कुठलं गाव… पण बाबा उठायचे आणि चालू पडायचे. एकदा बाजारात सापडले. एकदा कालव्यावर, अगदी कडेला.

तेव्हापासून आक्का फाटकातच वाकळ टाकून आडव्या झोपायला लागल्या. डास असोत, थंडी असो. बाबा आले की त्यांचा पाय लागायचा, आक्का उठायच्या, हात धरून परत न्यायच्या.

ओतारी सरांना ते बघवेना.

सर तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात. त्यांचे वडील पितळेच्या घंटा ओतायचे. समाधीपुढची घंटा त्यांच्याच भट्टीतली. भट्टीपाशी हात भाजून घेणाऱ्या पोराला बाबांनी ओढून आणलं, पाटीपुढं बसवलं, बोट धरून अक्षरं गिरवून घेतली. म्हणून मी माणसात आलो, हे सर कुणालाही सांगायचे. माणूस गुणी, हुशार. आपण हुशार आहोत हे त्यांना जरा जास्त माहीत होतं, एवढंच.

"आक्का, कडी नको ना? नका लावू," ते म्हणाले होते. "मी नुसता उजेड लावतो."

"कसला उजेड?"

"न दिसणारा."

"मग तो लावून काय उपयोग?"

सर हसले. त्यांना असले प्रश्न आवडायचे.

टीव्हीच्या रिमोटच्या टोकाला जो मणी असतो, तसला एक मणी त्यांनी फाटकाच्या डाव्या खांबावर बसवला. समोरच्या खांबावर, काळ्या नळीच्या तुकड्यात, एक डोळा. मण्यातून किरण निघतो तो सरळ जाऊन डोळ्यात पडतो. माणसाला तो दिसत नाही. मध्ये कुणी आलं, किरण तुटला, की आक्कांच्या उशाशी बेल. वीज गेली तर खोळंबा नको म्हणून स्कूटरची जुनी बॅटरीही जोडली. सगळं स्वतःच्या हातानं, तारांना डाग देऊन देऊन. कॉलेजच्या पोरांना करायला सांगितलं नाही. बाबांचं काम होतं.

मोबाइलचा कॅमेरा मण्यापुढं धरून त्यांनी आक्कांना दाखवलं. पडद्यावर जांभळा ठिपका.

आक्कांनी मण्याकडं पाहिलं. काही नाही. मोबाइलमध्ये पाहिलं. ठिपका.

"बाबा, तुम्ही हात धरा बघू मध्ये."

बाबांनी हात धरला. बेल वाजली. बाबांनी दचकून फाटकाकडं पाहिलं आणि म्हणाले, "कोण आलंय? या, या… बसा."

पहिल्यांदा किरण गुडघ्याएवढ्या उंचीवर होता. गावातली कुत्री फाटकातून जा-ये करायची आणि बेल आरडत राहायची. दर वेळी अंथरुणातून बाबांचं आपलं, "या… बसा."

मग सर स्वतः फाटकात उभे राहिले. छातीपाशी हात धरला, त्याच उंचीला खांबावर खडूनं रेघ मारली, आणि मणी नि डोळा वर नेले. कुत्री खालून जायला लागली, बेल गप्प. सर मधून चालले, बेल वाजली. पुन्हा चालले, पुन्हा वाजली.

"आता माणूस आला म्हणजे वाजणारच. वाकळ आत न्या, आक्का. खाटेवर झोपा. हे जागं राहील."

आक्कांनी वाकळ आत नेली.

थंडी पडली होती. बाबा फारसे उठत नव्हते. दिवे लागले की बेल चालू व्हायची, उन्हं वर आली की बंद. सगळ्यांना वाटलं, जमलं.

आणि माघातल्या एका पहाटे बाबा गेले.

कालव्यापलीकडं, एका लिंबाच्या झाडाला टेकून बसलेले सापडले. अंग गार. हात मांडीवर. कपाळाला भस्म. सरांनीच त्यांना उचललं.

बेल वाजली नव्हती.

गावाला तेवढं पुरलं. बापाची घंटा नदीपलीकडं ऐकू जायची, लेकाची बेल उशाशी ऐकू आली नाही… तोंडावर कुणी बोललं नाही. पण सर दुकानात शिरले की बोलणं थांबायचं, आणि ते थांबलेलं बोलणं सरांना ऐकू यायचं.

एक गोष्ट मात्र त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती.

त्या सकाळी ते धावत मठात आले, तेव्हा बेलीचं बटण बंद होतं. आदल्या संध्याकाळी त्यांनी स्वतः चालू केलेलं. लाल दिवा लागलेला बघून मगच घरी गेले होते.

मठात माणसं दोनच. बाबांना बटण म्हणजे काय तेही कळत नव्हतं.

सर गप्प राहिले. आक्कांना कशाला दुखवायचं. आणि आपण एवढे गप्प राहतोय, याचं त्यांना आतल्या आत थोडं कौतुकही वाटत होतं. खोटं कशाला बोला.

आता तीच गोष्ट कनातीपलीकडून ऐकू आली, दुसऱ्या कुणाच्या तोंडून. चेहरा उजळणारच.

आक्का धुनीच्या ओट्यावर बसल्या होत्या. मलमलीच्या फडक्यातून राख गाळत होत्या. खाली थाळीत भस्म पडत होतं, पिठाहून मऊ.

"ये, निळू. चहा घेतलास?"

सरांचं नाव निळकंठ. त्यांना निळू म्हणणारं आता एवढं एकच तोंड उरलं होतं.

"चहा नको. आक्का, एक विचारू?"

"विचार."

"त्या दिवशी… बेल तुम्ही बंद केलीत?"

आक्कांचा हात थांबला नाही.

"हो."

सरांनी श्वास सोडला. किती दिवसांचा कोंडला होता कोण जाणे. ते ओट्याच्या कडेला टेकले.

यंत्र चुकलं नव्हतं. आपण चुकलो नव्हतो.

आणि लगेच त्यांना स्वतःची शरम वाटली. बाबांच्या समाधीवरची माती अजून वाळली नाही, आणि आपण हे कशाचं सुख मानतोय…

"होतं असं, आक्का," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "वय झालं. चुकून हात लागतो."

"चुकून नाही. मुद्दाम बंद केली."

"मुद्दाम?"

"फार ओरडत होती रे."

"कुणासाठी?"

"येईल त्याच्यासाठी. दूधवाला आला, वाजली. पोलीसपाटील आले, वाजली. सगळी आळी आत पळत येत होती, बाहेर पळत जात होती. बाबा सापडले का, बाबा सापडले का… आणि बेल ठो ठो. कुणाचं कुणाला ऐकू येईना. म्हणून बंद केली."

सर ओट्यावर पुढं सरकले.

"म्हणजे बाबा गेल्यावर?"

"गेल्यावर."

"आणि बाबा गेले तेव्हा?"

"चालू होती."

"तुम्हाला काय माहीत?"

"जाग आली तर त्यांचं अंथरूण रिकामं. आणि भिंतीवर तुझा लाल दिवा लागलेला. दोन्ही एकदमच बघितलं मी."

फडक्यातली राख संपली. आक्कांनी दुसरी ओंजळ घेतली.

"मग वाजली कशी नाही?"

"हे मी तुला विचारायचं, का तू मला?"

सर उठले. तरातरा खोलीत गेले, बटण दाबलं. लाल दिवा लागला. तसेच फाटकाकडं गेले आणि मधून चालले.

बेल कडाडली. कनातीतल्या दोघी दचकल्या. पमाबाईच्या हातातून तांदूळ सांडला.

सर परत आत आले. पुन्हा वाजली. पुन्हा बाहेर. पुन्हा वाजली.

ते धुनीपाशी आले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"वाजतेय, आक्का."

"वाजतेच."

"मग बाबा फाटकातून गेलेच नाहीत. मागं कुंपण मोडलंय, तिथून गेले असतील."

"तू उचललंस ना त्यांना?"

"हो."

"कपाळाला काय होतं?"

"भस्म."

"निजताना मी त्यांचं तोंड ओल्या फडक्यानं पुसायचे. कपाळ कोरं करून निजवायचे. मग भस्म कुठनं आलं?"

सरांची नजर फाटकाकडं गेली.

या मठात भस्म घ्यायची जागा एकच. फाटकाचा उंबरा दगडी आहे आणि त्या दगडात वाटीएवढा खळगा आहे. आक्का तो रोज संध्याकाळी भरतात. आत येणारा असो की बाहेर जाणारा, त्यानं वाकायचं, दोन बोटं खळग्यात बुडवायची, कपाळाला लावायची. आणि उंबरा ओलांडून होईस्तोवर कंबर सरळ करायची नाही. कडी नसलेल्या फाटकाची एवढीच रीत.

सरांनाही लहानपणी तिची सवय होती. पुढं दोन्ही हातांत पिशव्या आल्या, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र आलं, घाई आली. आत समाधीपुढं हात जोडतोच की, असं म्हणता म्हणता सुटून गेलं. कुणी टोकलं नाही. आक्कांनीही नाही.

आक्का गुडघ्यावर हात रेटून उठल्या. राखेचे हात पदराला पुसले नाहीत. तशाच फाटकापाशी गेल्या. सर मागोमाग.

आक्का वाकल्या. दोन बोटं खळग्यात. बोटं कपाळाला.

तशाच वाकलेल्या त्या उंबऱ्यापलीकडं गेल्या. मग सरळ झाल्या.

कुठं काही वाजलं नाही.

रस्त्यानं एक सायकल गेली. तिच्या चाकाचा कुरकुर आवाज बराच लांबपर्यंत ऐकू येत राहिला.

आक्का पलीकडं उभ्या. सर अलीकडं. मधून तो किरण जात असणार, सरांच्या छातीच्या उंचीवरून. दिसत तर नव्हताच.

"मीठ विसरले होते, आक्का…" सर म्हणाले. "स्वतःचं नाव विसरले होते…"

"हो."

"मग हे कसं…"

आक्का वाकून आत आल्या. बेल गप्पच.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"त्या दिवशी खळगा पाहिला. दोन बोटं उमटलेली. थोडं भस्म बाहेर सांडलेलं. हात कापायचा ना त्यांचा."

"मला सांगितलं का नाहीत?"

"तू धावत आलास तो आधी बटणापाशी गेलास. म्हटलं, बघून होऊ दे त्याचं."

सरांनी खांब धरला. हात नेमका खडूच्या रेघेवर पडला, तो त्यांनी काढून घेतला.

"मला तरी आधी कुठं कळलं," आक्का म्हणाल्या. आता त्यांचा आवाज जरा उतरला होता. "रोज पहाटे मी फाटकाबाहेर सडा घालायला जायचे. बेल चालूच असायची. माझ्यासाठी कधी वाजली नाही. मला वाटायचं, ओळखते मला."

"ओळखते?"

"घरचं माणूस म्हणून. म्हटलं, शहाणी आहे निळूची बेल. परक्यालाच तेवढी ओरडते." त्या हातावरच्या राखेकडं बघत होत्या. "बाबाही घरचेच आहेत, हे नाही सुचलं."

सरांच्या घशातून एक आवाज निघाला. पमाबाईला वाटलं, हसले. शेवंताकाकूंना तसं वाटलं नाही. त्यांनी परात खाली ठेवली.

"मीच तुम्हाला आत झोपायला सांगितलं."

"सांगितलंस."

"तुम्ही फाटकात होतात तेच बरं होतं."

"बरं कुठलं? पाठ मोडून निघायची." आक्का थांबल्या. "मी झोपले, निळू. दोन वर्षं डोळ्याला डोळा नव्हता, ती पोटभर झोपले. बाबा माझ्या खाटेला खेटून गेले असतील, एवढीशी ती खोली. मला कळलं नाही. इतकी गाढ."

"असं नका बोलू."

"मग कसं बोलू?"



उन्हं उतरायला लागली होती. भंडाऱ्याच्या कढया कुणीतरी ढकलगाडीवरून आणून टाकल्या, आणि आत न येता तसाच निघून गेला. काहीतरी चाललंय हे त्यालाही कळलं असावं.

"किरण वीतभर खाली घ्यायला हवा होता," सर म्हणाले. आता ते आक्कांशी बोलत नव्हते. बोटांनी हवेत माप घेत होते. "कुत्र्याच्या वर, आणि वाकलेल्या पाठीच्या खाली. जागा होती मध्ये. भरपूर होती. मी मोजलंच नाही… मी स्वतः उभा राहिलो आणि रेघ मारली. वीतभर, आक्का. फक्त वीतभर खाली घेतला असता तर…"

"तर बाबा वीतभर आणखी वाकले असते."

सरांची बोटं हवेतच राहिली.

"असं म्हणून माझी चूक जात नाही."

"जाते, असं कुठं म्हटलं मी?"

"मग मी काय करू?"

"उद्या वाढायला ये. भाताकडं माणूस कमी आहे."

"ते येईनच. मी ते विचारत नाही, आक्का."

"कळलं मला, काय विचारतोयस."



सरांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. खांबावरच्या मण्याला लावला. एक आटा फिरवला.

"काढून टाकतो हे."

"राहू दे."

"आता कुणासाठी?"

आक्का धुनीकडं वळल्या होत्या. चालता चालता त्यांनी नुसता हात हलवला. त्या हलवण्याचा अर्थ नको असाही होईल, असू दे असाही होईल. ओट्यावर जाऊन बसल्या, फाटकाकडं पाठ करून, आणि फडकं हातात घेतलं.

सरांनी तो आटा परत घट्ट केला.

कनातीत पमाबाई हळूच म्हणाली, "म्हणजे आक्कांनी बंद केली होती, ते खरंच की, काकू."

"अर्धं," शेवंताकाकू म्हणाल्या. "आणि अर्धंच बरं होतं बाई त्या माणसाला."

"म्हणजे?"

"तू तांदूळ गोळा कर."

सर फाटकात उभे होते. खोलीत लाल दिवा तसाच लागलेला. सरळ गेले असते तर वाजली असती, आणि आक्कांना कळलं असतं की निळू गेला. इतके दिवस असेच तर जात होते.

मग त्यांनी एका हातानं खांब धरला आणि वाकायला सुरुवात केली.

सोपं नव्हतं ते. कंबर ऐकेना. गुडघा कटकन वाजला. अर्ध्यावर थांबावं लागलं. बोटं खळग्यापर्यंत पोचली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आत भस्म थोडंच उरलंय, आणि दगड गार आहे. किती गुळगुळीत होता तो खळगा. किती हातांनी झिजलेला.

दोन बोटं त्यांनी कपाळाला लावली. मान खाली, तसेच उंबऱ्यापलीकडं गेले.

बेल वाजली नाही.

रस्त्यावर आल्यावर ते सरळ झाले. पण पुढं पाऊल टाकलं नाही. मागंही नाही. बोटांना राख लागलेली, ती कुठं पुसावी कळेना, म्हणून हात अंगापासून लांब धरून तसेच उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते त्यांनी वाहू दिलं.

आत फडक्याचा बारीकसा आवाज येत होता. तो थांबला.

आक्कांनी वळून पाहिलं नाही. जरा वेळ कानोसा घेतला.

"निळू," त्या म्हणाल्या, "गेलास… का आहेस अजून?"